उपासाच्या दिवशी गोळी नको

राज्याचे दोन तुकडे व्हायचे ठरले तेव्हा हैदराबादेतल्या आमच्या ऑफिसात आधी सामानाची वाटणी झाली. कपाटं, खुर्च्या, पंखे, सगळ्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या गेल्या. हिरवी चिठ्ठी म्हणजे तेलंगणात राहणार, पिवळी म्हणजे आंध्रात जाणार. माझ्या डोक्यावरचा पंखा हिरवा होता, खुर्ची पिवळी, आणि टेबलावरून दोन्हीकडच्या लोकांत वाद चालला होता. माणसांची वाटणी मागून व्हायची होती.

माणसांचं शाळेच्या दाखल्यावरून ठरणार होतं. जो जिथे शिकला तो तिकडचा. माझी शाळा परभणीकडची. परभणी एकेकाळी याच हैदराबादच्या राज्यात होती, पण छप्पन सालच्या वाटणीत ती मराठी मुलखाकडे गेली. म्हणजे आधीच्या वाटणीत माझं गाव गेलं आणि आता या वाटणीत माझी पाळी होती. इकडचे म्हणत, तुम्ही आमच्या नाही. तिकडचे म्हणत, आमच्या तर मुळीच नाही. जिथे माणसं कमी पडतील तिथे या बाईला ढकलायचं, हे शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. मला तेलुगू येते ती बसमध्ये भांडण्यापुरती, पण ते कोणी विचारत नव्हतं.

खरं सांगायचं तर मला त्याचं काही वाटत नव्हतं. माझा नवरा याच ऑफिसात कामाला होता. एका दुपारी जेवणाचा डबा उघडता उघडता तो खुर्चीवरून घसरला, आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्याच्या जागी मला नोकरी मिळाली. लोक म्हणाले, नशीब समजा. मी समजले. मूलबाळ आम्हाला नव्हतं. त्यानंतर माझं मन बधिर झालं ते झालंच. भाजी आळणी की खारट ते कळेना. बाहेर मोर्चे निघत, बंद होत, बसच्या काचा फुटत, आणि मी खिडकीतून दुसऱ्या कुठल्या तरी गावातलं बघावं तशी बघत असे. विजयवाड्याला जा म्हणाले तर जाईन, असं स्वतःशी म्हणायचे, आणि तेही परक्या बाईबद्दल बोलल्यासारखं.

प्रश्न होता सासूबाईंचा. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे, आमच्याकडची ती रीतच आहे. अंबरपेठेतल्या दोन खोल्यांत आता आम्ही दोघीच उरलो होतो. आत्याबाई पंचाहत्तरी उलटलेल्या, अंगाने किरकोळ, आवाजाने खणखणीत. साखरेचा आजार जुना. पायांना आधी मुंग्या यायच्या, मग मुंग्याही गेल्या. चप्पल निसटून मागे राहिली तरी त्या तशाच पुढे चालत जायच्या आणि मी मागून चप्पल घेऊन धावायची. त्यांचे पाय आणि माझं मन, आमच्या घरात बधिरपणाची काही कमी नव्हती. त्यात आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा डोळा जवळजवळ मिटल्यातच जमा, डाव्याने समोर माणूस उभं आहे एवढं कळायचं, चेहरा कळायचा नाही.

माझी बदली झाली तर त्यांना पुण्याला नणंदेकडे जावं लागणार होतं. नणंद स्वभावाने चांगली आहे. पण ती आणि तिचा नवरा दिवसभर कामावर, घर चौथ्या मजल्यावर, आणि आत्याबाई पुण्यात आठवडाभराच्या वर कधी टिकल्या नव्हत्या. "तिथं भाजीवाला पण मराठीत बोलतो," त्या तक्रार करायच्या. "भांडायला मजा येत नाही." त्यांचा जन्म इथलाच. छप्पन साली त्यांचे वडील आणि भाऊ सरकारी नोकरीपायी औरंगाबादला गेले, बहिणी आपापल्या नवऱ्यांबरोबर मुंबईकडे गेल्या, आणि मास्तरकी करणारे माझे सासरे तेवढे इथे राहिले. काचीगुड्याच्या स्टेशनावर हात हलवून हलवून खांदा दुखून आला होता, असं त्या सांगायच्या. सांगताना हसायच्या, पण सांगायच्या फार वेळा.

तेव्हा मी एवढंच ठरवलं होतं की माझा हुकूम निघायच्या आत त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करून टाकायचं. दिसायला लागलं तर पुण्यातल्या परक्या स्वयंपाकघरातही स्वतःचा चहा स्वतः करतील, जिना उतरून देवळात जातील. नाही दिसलं तर भिंतीकडे तोंड करून बसून राहतील आणि त्यातच संपतील. डोळ्यांच्या दवाखान्यात म्हणाले, ऑपरेशन सोपं आहे, पण साखर खाली आणा. एवढ्या साखरेत आम्ही डोळ्याला हात लावणार नाही, जखम चिघळली तर डोळाच जाईल.

साखरेचे आमचे डॉक्टर हिमायतनगरला बसायचे. वयस्क मुसलमान गृहस्थ, सासऱ्यांच्या वेळेपासूनचे. आत्याबाईंना ते अम्मा म्हणायचे आणि आत्याबाई त्यांच्यासमोर शाळेतल्या मुलीसारख्या नीट बसायच्या. त्यांनी गोळ्या बदलल्या, एक जेवणाआधी, एक जेवणानंतर. रमझान नुकताच संपला होता. महिनाभर रोजे करणाऱ्या पेशंटांच्या गोळ्या इकडच्या तिकडे करून ते दमले असावेत. कागद आमच्याकडे सरकवता सरकवता त्यांनी विचारलं, "अम्मा, उपवास वगैरा रखते आप?"

आत्याबाईंनी पदर सावरला. "सोमवार, गुरुवार. एकादशी. चतुर्थी."

"पूरा दिन?"

"पूरा दिन. अनाज का एक दाना नहीं."

डॉक्टरांनी आदराने मान हलवली. "तो उस दिन गोली नक्को. खाली पेट में गोली गई तो शुगर एकदम गिर जाती, चक्कर आ जाती."

मी शेजारीच बसले होते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आत्याबाई बोलल्या त्यात खोटं काही नव्हतंच. उपासाच्या दिवशी त्यांच्या तोंडात ना भात, ना पोळी, ना डाळ. साबुदाणा, रताळं, बटाटा, वरीचे तांदूळ, राजगिऱ्याचा लाडू, केळं, हे सगळं कोणी अन्नात धरत नाही. लहानपणापासून आम्ही ते धरलेलं नाही.

आत्याबाईंना त्या सल्ल्याने मोठा आनंद झाला. गोळ्यांनी त्यांच्या पोटात ढवळायचं, तोंडाला कसनुशी चव यायची. उपासाच्या दिवशी गोळी नाही म्हणजे पुण्यही पदरात आणि पोटही शांत. त्या दिवशी त्या प्रसन्न असायच्या. मी डबा घेऊन ऑफिसला निघाले की त्या खिचडी टाकायच्या. डोळ्यांनी दिसत नसलं तरी साबुदाणा नीट भिजला की नाही ते बोटांनी चाचपून त्यांना बरोबर कळायचं. साबुदाणा आणि शेंगदाणे अफझलगंजच्या ठरलेल्या दुकानातलेच लागायचे, दुसरीकडचा साबुदाणा चिकट होतो म्हणून. दुपारी रताळ्याचा कीस, संध्याकाळी दूध-केळं. नवरा होता तेव्हा आईला चिडवायचा, एकादशी अन् दुप्पट खाशी. त्या त्याला उलथनं दाखवायच्या. तो गेल्यावर ती म्हण आमच्या घरात कोणी म्हटली नाही.

मग एक गोष्ट सुरू झाली जी आम्हाला कोणालाच कळेना. ऑपरेशनची तारीख मिळायची. आदल्या आठवड्यात मी त्यांचं पथ्य अगदी डोळ्यांत तेल घालून सांभाळायची. नेमकी त्या सकाळी साखर आभाळाला भिडलेली असायची. त्या दवाखान्यात मोतीबिंदूची ऑपरेशनं मंगळवारी आणि शुक्रवारी व्हायची. म्हणजे आदला दिवस सोमवारचा नाहीतर गुरुवारचा, दोन्ही उपासाचे, आणि ऑपरेशन जवळ आलं म्हणून आत्याबाई तो उपास दुप्पट भक्तीने करायच्या. पण तेव्हा हे असं एका ओळीत मांडून मला कोणी दाखवलं नव्हतं. पहिल्या वेळी त्यांना हिरवा झगा घालून, डोळ्यात थेंब टाकून, दारापर्यंत नेलं आणि तिथून परत आणलं. दुसऱ्या वेळी झगाही घातला नाही. रिक्षात बसताना त्या एवढंच म्हणाल्या, "माझंच काही तरी कमी पडायलंय." आणि पुढच्या आठवड्यापासून त्यांनी शनिवारही धरला.

डॉक्टर गोळी वाढवत गेले. वाढवलेली गोळी उपासाच्या दिवशी पोटात जायचीच नाही, आणि जेवणाच्या दिवशी अंगावर यायची. एका बुधवारी दुपारी शेजारणीचा ऑफिसात फोन आला. मी घरी पोहोचले तर आत्याबाई घामाने निथळलेल्या, हात कापतायत, मला ओळखत नाहीत. शेजारणीने तोंडात साखर घातली होती म्हणून निभावलं. तासाभराने त्या उठून बसल्या आणि म्हणाल्या, जेवणाचे दिवस मला सोसत नाहीत, उपासाचेच सोसतात. मला ते पटलं. आता हसू येतं, पण पटलं होतं. उपासाच्या दिवशी त्यांना ना घाम, ना थरथर. नुसती तहान लागायची आणि रात्री सारखं उठावं लागायचं, आणि त्यात नवीन काही नव्हतं.

डॉक्टर मग इंजेक्शनची गोष्ट काढू लागले. रोजची सुई. मी विचारलं, मी नसले तर कोण टोचणार? त्यांनी विचारलं, आप किधर जा रहे? मी म्हटलं, ते सरकार ठरवेल. डॉक्टर कागदावर काहीतरी खरडत राहिले. राज्य वेगळं झालं, फटाके वाजले, मिठाई वाटली गेली. ऑफिसच्या दारावरची पाटी बदलली. मी मिठाईचा तुकडा रुमालात बांधून घरी आणला आणि मग आठवलं की आत्याबाईंना तो चालत नाही आणि मला चव कळत नाही. मुंग्यांना घातला.

त्या वर्षी आषाढी एकादशी रमझानात आली. मी काही उपासवाली बाई नव्हे. नवरा गेल्यापासून देवापुढे दिवासुद्धा आत्याबाईच लावायच्या. पण आषाढीला त्या मला दुसरं काही करूच द्यायच्या नाहीत, डब्यात खिचडीच भरायच्या. दुपारी मी डबा उघडला. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी बाई चंचलगुड्याकडची, माझ्याच वयाची, कामात चोख आणि जिभेने तिखट. तिचे रोजे चालू होते. तोंड सुकलेलं, ओठांना भेगा पडलेल्या, पहाटेपासून पाण्याचा थेंब नाही. तिच्यासमोर खायचं मला जरा अवघड वाटलं. म्हणून मी आपलं म्हटलं, आज माझाही उपास आहे.

तिने मान वळवून डब्यात पाहिलं. वरच्या पुडात तुपात परतलेली खिचडी, तिच्यावर शेंगदाण्याचं कूट आणि बटाट्याच्या फोडी, खालच्या पुडात साखर घातलेलं दही, बाजूला एक केळं.

"ये उपास है?" ती म्हणाली. "हमारे घर मेहमान आए तो भी इत्ता नहीं पकता."

मला हसू फुटलं. खरंच फुटलं, आवाज करून, पलीकडच्या टेबलावरचे लोक बघायला लागले इतकं. ती पण हसायला लागली, सुकलेले ओठ दाबून. नवरा गेल्यानंतर मी त्या खोलीत पहिल्यांदा हसले असेन. आणि मग हसता हसता चमचा हातातच राहिला. खाली पेट, असं डॉक्टर म्हणाले होते. मी डब्याकडे बघत बसले. या बाईचं पोट रिकामं होतं. डॉक्टरांनी त्यांच्या घरात, त्यांच्या गल्लीत, जन्मभर असा उपास पाहिला होता. आमचा त्यांनी पाहिलाच नव्हता, आणि तो कसा असतो ते दाखवायचं आम्हाला सुचलं नव्हतं, कारण आमच्यासाठी उपास असाच असतो.

मी डबा तसाच बंद केला. संध्याकाळी रोजा सोडून डॉक्टर दवाखाना उघडायचे, तेव्हा मी बाहेर उभीच होते. आत गेले आणि डबा त्यांच्या टेबलावर उघडून ठेवला. म्हटलं, हा अम्माचा उपास. त्यांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं, हे पांढरे मोती कसले ते विचारलं. मी सांगत गेले. साबुदाणा, आलू, मूंगफली, घी, शक्कर. दिवसातून किती वेळा, ते विचारलं. तेही सांगितलं, रताळं आणि लाडूसकट. ते हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले.

"मैं अपने लोगों का रोजा समझा," शेवटी म्हणाले.

मग त्यांनी सगळं नव्याने सांगितलं. या वयात आणि या गोळ्यांवर खरा उपाशीपोटी उपास नको, आणि हा असला उपास तर नकोच नको. रोज वेळेवर ज्वारीची भाकरी, भाजी, डाळ. रोज गोळी. गोळी थोडी कमी केली, कारण वाढवलेली मुळात कधी लागणारच नव्हती. महिन्याभरात साखर खाली येईल, तीन महिन्यांत डोळा करून घ्या. सुईचं नाव त्यांनी परत काढलं नाही.

मी बसने अंबरपेठेला आले ती जवळजवळ आनंदात. घरी आत्याबाई मांडीवर सूप घेऊन भाजलेल्या शेंगदाण्याची सालं पाखडत बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशीपासून चातुर्मासाचे नेम सुरू व्हायचे होते. मी समोर बसून सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि पाखडत होत्या. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "डॉक्टरच बोलले होते ना, उपासाला गोळी नको म्हणून?"

मी परत सांगितलं. त्या म्हणाल्या, धरलेला उपास मधेच सोडता येत नसतो. मी तिसऱ्यांदा सांगितलं. त्या म्हणाल्या, देवाला कळतंय की. आणि मला राग आला. कितीतरी दिवसांत मला राग आला नव्हता. ऑफिसात बुडाखालून खुर्ची ओढून नेत होते तेव्हाही नाही. आता आला तो असा आला की माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"डोळ्यासाठी उपास करता आणि उपासानेच डोळा घालवताय. अशाने पुण्याला जाऊन भिंतीकडे तोंड करून बसायचंय का?"

सूप थांबलं.

"डोळ्यासाठी कोण करायलंय?" आत्याबाई म्हणाल्या.

"मग कशासाठी चाललंय हे?"

"तुला तिकडं धाडू नये म्हणून." त्या सुपातले दाणे बोटांनी सारखे करत राहिल्या. "डोळा परत आला अन् तू गेलीस, तर मी बघू काय?"

मला लगेच काही वाटलं नाही. माझी तेव्हा तीच तऱ्हा होती, सगळं उशिरा पोहोचायचं. मी उठले, भाकरी टाकायला घेतली, पीठ मळलं. थापताना भाकरी हातात फाटली. दुसरी घेतली, तीही फाटली. मी ज्या बदलीबद्दल मला काही वाटत नाही म्हणत होते, तिच्यासाठी ही बाई वर्षभर देवापुढे बसून होती आणि मला एका शब्दाने बोलली नव्हती. मला स्वतःचं काही वाटत नव्हतं ते सगळं माझ्या वाटचं त्यांनाच वाटत होतं.

भाकरी वाढताना मी म्हटलं, उपास मोडायचा नसतो ना, मग तो मला द्या. सून सासूचं व्रत पुढे चालवते, तुम्हीच सांगता. सोमवार, गुरुवार, शनिवार, सगळे माझे.

"तुझा विश्वास नाही," त्या म्हणाल्या.

"नसू दे. पोट तर माझंच उपाशी राहील."

त्यांनी थोडा विचार केला. मग हात पुढे केला, मी त्यावर गोळी ठेवली, आणि त्यांनी ती एकादशीच्या संध्याकाळी पाण्याबरोबर घेतली. भाकरीला मात्र त्या दिवशी हात लावला नाही. दही खाल्लं आणि थोडी वरी. एवढी सूट मी दिली.

पुढचे महिने तसे गेले. आठवड्यातले तीन दिवस मी नुसत्या चहावर काढायचे. साबुदाणा खायची मला लाज वाटायला लागली होती. शेजारच्या टेबलावरची बाई दुपारी माझ्याकडे बघून म्हणायची, हां, अब हुआ उपास, आणि बाकीच्या दिवशी आपल्या डब्यातला खड्या मसाल्याच्या फोडणीचा बगारा भात माझ्या ताटलीत वाढायची. देवाकडे मी काहीच मागितलं नाही. मागायचं काम आत्याबाई घरी बसून करत होत्या, माझ्या उपासावर. त्यांना गोळीने ढवळायचं, तेव्हा त्या माझ्या नावाने बोटं मोडायच्या आणि गोळी गिळायच्या. सकाळी मी त्यांच्या बोटाला सुई टोचून थेंब काढायचे. यंत्रावरचा आकडा त्यांना दिसायचा नाही, मी वाचून दाखवायचे. हळूहळू तो उतरला. उतरल्यावर आधी माझाच विश्वास बसेना. मग एके दिवशी त्यांनीच सांगितलं, तहान नाही गं लागत आता.

दिवाळी झाली. थंडी पडली. ऑपरेशनचा शुक्रवार ठरला. त्याच आठवड्यात आमच्या सुपरिंटेंडेंटनी मला बोलावून उभ्या उभ्या सांगितलं की माझं तिकडे लागलं. आंध्र, म्हणजे विजयवाडा. अजून कागद हातात यायचा आहे, जायला वर्षही लागेल, ऑफिसं एकदम हलत नाहीत. पण लागलं ते लागलं. भले गृहस्थ होते, त्यांनी खुर्ची पुढे केली. मी बसले नाही. मी वाट बघत होते की नेहमीसारखं काही वाटणार नाही. पण मला भीती वाटली. साधी, लहान पोरीसारखी भीती. मी जागेवर येऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत एकच ओळ टाइप करत राहिले.

घरी सांगितलं नाही. साखर नुसत्या खाण्याने वाढते असं नाही, काळजीनेही वाढते, हे डॉक्टर म्हणाले होते. गुरुवारी आत्याबाईंना भाकरी-भाजी वाढली, दोन्ही गोळ्या दिल्या आणि मी चहा प्याले. शुक्रवारी नर्सने बोटातून थेंब घेतला, आकडा पाहिला आणि हिरवा झगा पुढे केला. मी बाहेर बाकावर बसले. आधीच्या दोन्ही वेळचा माझा बाक तोच होता. या वेळी त्या परत बाहेर आल्या त्या डोळ्यावर पट्टी घेऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायला परत गेलो. डॉक्टरीण बाईंनी पट्टी सोडवली, डोळा पुसला, बोटं दाखवली. आत्याबाईंनी बोटं बरोबर सांगितली. भिंतीवरच्या घड्याळातली वेळ सांगितली. बाईंनी सूचना दिल्या, थेंब कधी घालायचे, डोळा चोळायचा नाही, महिनाभर डोळ्यात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही. मग काळा चष्मा दिला. तो घालायच्या आधी आत्याबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी त्यांच्यासमोर अशी कधी उभी राहिले होते ते मला आठवेना.

बाहेर बाकावर आल्यावर त्या म्हणाल्या, "हुकूम आला ना?"

मी पिशवीत थेंबांची बाटली चाचपायला लागले.

"तोंडावर दिसतंय. इतके दिवस मला दिसत नव्हतं, म्हणून तुझं खपत होतं." त्यांनी चष्मा मांडीवर धरला होता. "कुणीकडं?"

"तिकडे. विजयवाड्याला."

मी वाट बघत होते की आता त्या देवाला बोल लावतील, किंवा मला, की विश्वास नसलेल्या माणसाला उपास दिले म्हणून असं झालं. समोरून माणसं जात-येत होती, प्रत्येकाच्या एका डोळ्यावर पट्टी. आत्याबाई एकेकाकडे निरखून बघत होत्या, त्यांना नवीनच दिसत होतं सगळं.

"हिमायतनगरला जाशील तेव्हा डॉक्टरांना एक विचार," त्या म्हणाल्या. "या गोळ्या तिकडं मिळतात का."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, पुण्याला सगळं मिळतं, आत्याबाई.

"पुण्याचं कोण बोलायलंय? मागच्या वाटणीत सगळ्यांना पोचवायला स्टेशनावर गेले. आता नाही जायची पोचवायला. डब्यात बसायची." आणि थोड्या वेळाने, "तिथला भाजीवाला तर तेलुगूच बोलत असेल?"

हो म्हणावं म्हणून मी तोंड उघडलं आणि मला रडू आलं. नवऱ्याला नेलं त्या दिवशी न आलेलं, तेराव्याला न आलेलं, त्या दवाखान्याच्या बाकावर, सगळ्या लोकांसमोर. तोंडावर पदर घेतला तरी थांबेना. आत्याबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने काळा चष्मा नीट डोळ्यांवर चढवला.

"मला पाण्याला जपायला सांगितलंय," त्या म्हणाल्या. "तू रड."